चर्चच्या बांधकामाची वही

रविवारी आमच्या चर्चचं समर्पण झालं. आज गुरुवार, आणि आज पहिल्यांदा मी निवांत बसलेय. चार दिवस घरात पाहुणे, भाड्याची भांडी परत करायची, मंडपवाल्याचा हिशोब, मध्येच कोणाचा तरी फोन की ताई माझा डबा तिथेच राहिला का. आता सगळं आटोपलंय आणि बांधकामाची वही समोर आहे. मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांची, खजिनदार मी, म्हणून ही वही अकरा वर्षं माझ्याकडेच. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात असते ना तसली. तिच्यात जमा आणि खर्च असे दोन रकाने आहेत, पण जे खरंखुरं जमा झालं त्यातलं निम्मं त्या रकान्यात बसलेलंच नाही, म्हणून इथे लिहायला घेतलं. देवाचे आभार मानायचेत. आणि मला वाटतं आभार मानायचे तर एकेक गोष्ट हातात घेऊन मानावे, नुसतं देवाची कृपा म्हणून पुढे गेलं की आपण काय काय विसरलो तेसुद्धा कळत नाही.

आधी आम्ही कोण ते सांगते, कारण खान्देशात लुथरन म्हटलं की ख्रिस्ती लोकसुद्धा विचारतात, म्हणजे नेमके कोणते? जर्मनीतल्या मार्टिन लुथरच्या शिकवणीने चालणारे, इतकंच. इकडे आम्ही मोजकेच. माझं माहेर नवापूरकडचं, जन्म चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलातला, तिकडच्या मंडळ्या जुन्या आणि मोठ्या, पण त्या दुसऱ्या मिशनच्या. लग्न होऊन भुसावळकडे आले तेव्हा कळलं की सासरचे लुथरन आहेत. सासरे रेल्वेत फिटर होते, त्यांचे वडील गुंटूरकडून रेल्वेच्याच नोकरीला आले आणि इथलेच झाले. गुंटूरला अमेरिकेहून हायर नावाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, ३१ जुलै १८४२ ला पोचले, तिथून आंध्रातली लुथरन मंडळी उभी राहिली, आणि ही तारीख आमच्या घरात घरच्यांच्या वाढदिवसासारखी पाठ आहे. दुसरी तीन-चार कुटुंबं रांचीकडची, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या नोकरीने आलेली. त्यांच्याकडची गोष्ट अशी की बर्लिनहून गोसनरसाहेबांनी पाठवलेले चार मिशनरी २ नोव्हेंबर १८४५ ला रांचीला पोचले आणि पुढची साडेचार वर्षं बाप्तिस्म्याला एक माणूससुद्धा पुढे आला नाही. मग ९ जून १८५० ला चार उरांव आदिवासी माणसं आली. आमचे रांचीवाले दादा हे सांगताना साडेचार वर्षं म्हणतात आणि थांबतात, तेवढं थांबणं आम्हाला पुरतं. आणि बाकीचे आम्ही इथले, मराठी, कोणी लेवा बोलीत बोलणारं, कोणी अहिराणीत. त्यामुळे आमच्या उपासनेत एक भजन रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, एक गाणं तेलुगू, एक रांचीकडच्या सादरी बोलीत, आणि झांजा सगळ्यांना सारख्याच.

चर्च नव्हतं. सव्वीस वर्षं आम्ही गार्डकाकांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमलो. गार्डकाका म्हणजे रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, त्यांनी कधी भाडं घेतलं नाही, लाईटबिलसुद्धा घेतलं नाही. वेदी म्हणजे त्यांच्या घरातलं टेबल, सोमवार ते शनिवार त्याच्यावर इस्त्री व्हायची आणि रविवारी त्याच टेबलावर पांढरी चादर घालून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस. भुसावळचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना पत्र्याखालचा मे महिना काय असतो ते सांगायला नको, पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसला जातो, म्हणून उपासना सकाळी सातला घ्यायचो आणि तरीसुद्धा उपदेश संपेपर्यंत लहान लेकरं लालबुंद. पावसात उलटं, पत्र्यावर असा आवाज की पाळकसाहेब काय बोलतायत ते पहिल्या रांगेलाच कळायचं, मग ते बोलणं थांबवायचे आणि आम्ही गायचो, गाणं पावसाच्या वर जातं.

आणि घंगाळ. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे अम्मा म्हणतो, त्यांनी लग्नाच्या वर्षी भुसावळच्या बाजारातून पितळी घंगाळ घेतलं होतं, अंघोळीच्या पाण्यासाठी. मंडळीत पहिल्यांदा बाप्तिस्मा द्यायचा होता तेव्हा पात्रच नव्हतं. अम्मांनी रात्री चिंचेने घासून घंगाळ लख्ख केलं आणि सकाळी डोक्यावर घेऊन आल्या. तेव्हापासून ते मंडळीचं झालं, घरी परत गेलंच नाही. माझा मुलगा त्याच्यातल्या पाण्याने बाप्तिस्मा पावला, गार्डकाकांची नातवंडं, रांचीवाल्यांच्या दोघी मुली, सगळी त्याच घंगाळातली.

वहीचं पहिलं पान अकरा वर्षांपूर्वीचं. पहिली जमा आठशे चाळीस रुपये, आणि ते पैसे धान्याचे. रांचीवाल्या वहिनींनी महिला मंडळात सांगितलं की आमच्याकडे मुठिया असतो, रोज स्वयंपाकाला तांदूळ काढला की त्यातला एक मूठ वेगळ्या डब्यात, तो देवाचा, महिन्याच्या शेवटी सगळा चर्चमध्ये न्यायचा. तांदूळ आमच्याकडे रोज कुठला, आम्ही ज्वारी ठेवली, कोणी बाजरी, कोणी गहू, उडीद. महिन्याला सगळं एकत्र करून विकायचं. काही महिने तीनशेपण नाही झाले. एका बाईच्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा तिचा डबा अर्धा आला, आणि तिने तो चादरीखाली झाकून ठेवला होता, ते मी पाहिलं. वहीत तिची रक्कम लिहिली पण ती मूठ कशातून निघाली ते वहीत नाही. देवा, तू पाहिलंस, तुझे आभार, त्या अर्ध्या डब्यासाठी पहिल्यांदा.

मग जागा. हे पान मला उघडवत नव्हतं पण लिहिते. एक प्लॉट पाहिला, आवडला, इसार दिला, आणि ज्याला दिला त्याने तोच प्लॉट दुसऱ्याला विकला. कोण, कुठला, ते लिहीत नाही, लिहायचंही नाही. पैसे तुकड्यातुकड्याने परत यायला दोन वर्षं लागली आणि सगळे आलेच नाहीत. त्याच वर्षी ईस्टरला लोक जास्त येणार म्हणून एक हॉल ठरवला होता, आदल्या रात्री नऊ वाजता नाही म्हणून फोन आला. ईस्टरच्या पहाटे आम्ही परत पत्र्याखालीच होतो, निम्मे लोक अंगणात उभे. मी त्या दिवशी गायले नाही, ओठ हलवले फक्त. ज्वारीच्या मुठींचे पैसे होते ते, दुसरे कुठले असते तर एवढं लागलं नसतं. पुढे लोकांनी मला सांगितलं की देवाने त्या वाईट जागेपासून वाचवलं असेल, यातही काही योजना असेल. असेल. मला त्या दोन वर्षांचं कारण आजपर्यंत सापडलेलं नाही आणि ते सापडल्याशिवाय आभार मानायचे नाहीत असंही आता राहिलेलं नाही.

दुसरी जागा मिळाली ती गावाबाहेर, केळीच्या बागेला लागून. स्वस्त मिळाली कारण काळी माती. इकडे तापीच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला आणि केळीला सोनं आहे पण घराला नाही, पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून अशा भेगा पडतात की हात जातो, वरवर पाया घेतला की दोन-तीन वर्षांत भिंती तडकल्याच म्हणून समजा. मुरूम लागेपर्यंत खणायचं ठरलं. पाच फूट, माती. सात फूट, माती. दहा फुटांवर मुरूम लागला. मग फूटिंग, कॉलम, प्लिंथ बीम, आणि मधली काळी माती काढून मुरूम भरून दाबला. एवढं करून जमिनीच्या वर काय दिसतं, तर गुडघ्याएवढी भिंत. आणि आमच्या वहीतले निम्मे पैसे संपलेले. एक जण मीटिंगमध्ये म्हणाले, सगळा पैसा मातीत गेला. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, ज्याने खोल खणून खडकावर पाया घातला त्याची गोष्ट प्रभूने सांगितली आहे, पण त्याला खर्च किती आला ते नाही सांगितलं, तो आता आपल्याला कळला. मिस्त्री चाचा खाली खड्ड्यात उभे होते, ते ओळंबा धरूनच म्हणाले, खुदा का घर है, साहुल में बाल बराबर फर्क नहीं आने दूंगा. आणि नाही येऊ दिला. दुपारच्या नमाजाला ते बागेच्या सावलीत जायचे आणि येऊन परत ओळंबा.

पाण्याचं मात्र कठीण होतं. एप्रिल-मे मध्ये वीटकाम आणि कॉलमला दिवसातून तीनदा पाणी मारावं लागतं आणि आमच्या प्लॉटवर पाणी नाही. शेजारच्या बागेचे मालक, आमचे पाटीलदादा, त्यांच्याकडे बोअर. पण उन्हाळ्यात केळीलाच पाणी पुरत नाही, ठिबकवर असली तरी केळ फार तहानलेलं पीक आहे, आणि शेतीची लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. मी भीतभीतच गेले विचारायला. ते म्हणाले, "देवाच्या घराले पानी लागते, त्यात इचारता काह्यले वं ताई?" रात्रीची लाईट असली की ते दोन वाजता उठून आधी आमचा हौद भरायचे आणि मग बागेला सोडायचे. त्यांनी सांगितलं नाही कधी. मला त्यांच्या गड्याने सांगितलं. वहीत पाण्याच्या खर्चाच्या समोर मी शून्य लिहिलंय, आणि त्या शून्याकडे बघितलं की माझा गळा भरून येतो.

साईटवर राहायला सातपुड्यातलं एक पावरा कुटुंब होतं, नवरा-बायको दोघं बिगारी, सोबत पाच-सहा महिन्यांची पोरगी. हॉलच्या छताचं सेंट्रिंग लागायच्या आधी ती दोन कॉलमच्या मधे बल्ली बांधून साडीची झोळी करायची, जिथे आता वेदीच्या पायऱ्या आहेत ना बरोबर तिथे, कारण तिथे दुपारभर सावली असायची. आम्ही कोणी त्या जागेवर देवाचं एक अक्षर वाचायच्या आधी ते लेकरू तिथे झोपत होतं. एकदा अम्मा माझ्याबरोबर साईटवर आल्या आणि झोळीजवळ वीट घेऊन बसल्या, झोका देत तेलुगूत काहीतरी गुणगुणत. चौऱ्याऐंशीव्या स्तोत्रात आहे की चिमणीलाही तुझ्या वेदीपाशी घर सापडलं, पिलं ठेवायला घरटं सापडलं. सुगरणीचा खोपा आम्हा खान्देशच्या लोकांना लहानपणापासून पाठ असतो पण हे वचन मला त्या दिवशी कळलं, आपण बांधून झाल्यावर देव तिथे कोणाला तरी घेऊन येईल असं मी समजत होते, त्याने आधीच आणून झोपवलं होतं.

आता स्लॅबचा दिवस सांगते, हा सांगितल्याशिवाय बाकीचं अर्धवट राहील.

गेल्या वर्षी जूनचा पहिला आठवडा. स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये थांबवता येत नाही, जोड राहिला की तिथून गळतो, म्हणून सकाळी सहाला मिक्सर लावला. मंडळीतले सगळे हजर, कोणी रजा टाकून, कोणी नाईट करून झोप न घेता. बायकांनी बाजूला चूल मांडली, वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, पन्नास-साठ माणसांचं, गोवऱ्यांवर भाजलेल्या बट्ट्या. दुपारी तीनपर्यंत हॉलचा दोन तृतीयांश स्लॅब झाला आणि पश्चिमेकडे आभाळ काळं झालं. हवा थांबली. मिस्त्री चाचा वर बघायचे आणि मजुरांना म्हणायचे, हात चलाओ बेटा, हात. ताडपत्र्या आणायला मुलं मोटरसायकलवर पळाली. मी खाली उभी राहून देवाला म्हणत होते, थांबव, थोडा वेळ थांबव, सात वाजेपर्यंत. फक्त सात वाजेपर्यंत. पावणेसातला शेवटचं घमेलं पडलं, कोबा झाला, ताडपत्र्या बांधल्या, आणि जवळपास नऊला वादळ आलं. पाऊस त्यामानाने थोडा पण वारा असा की आमच्या घराचं पत्र्याचं दार निखळून अंगणात पडलं. रात्रभर कोणी झोपलं नाही. पहाटे गेलो तर स्लॅबला काही झालेलं नव्हतं, एक ताडपत्री तेवढी उडाली होती. आम्ही तिथेच उभ्याउभ्या गायलो, हात वर करून, रडत.

आणि मग उजाडलं आणि बाग दिसली. पाटीलदादांची बाग आडवी झाली होती. घड लागलेली केळी, महिना-दीड महिन्यात कापणीला आली असती, सगळी मोडून एकावर एक. जूनच्या वाऱ्यात इकडे हे होतं, रावेर-यावलकडे दर दोन-चार वर्षांनी बातमी येतेच, पण बातमी वेगळी आणि ज्या माणसाने रात्री दोनला उठून तुम्हाला पाणी दिलं त्याची बाग वेगळी. ते बांधावर उभे होते. आमचं गाणं त्यांनी ऐकलं असणार. आम्हाला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सलाब वाचला का?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्या आठवड्यात मी देवाचे आभार मानू शकले नाही, खरं तेच लिहिते. मी जी प्रार्थना केली होती ती ऐकली गेली आणि ती ऐकली गेल्याचा आनंद मला खाता येईना. आमचा स्लॅब देवाला प्यारा आणि त्यांची बाग नाही, असं कसं असेल? रविवारी साक्ष द्यायला उभे राहिलेले एक भाऊ म्हणाले की देवाने आपल्या लोकांसाठी वादळ अडवलं, आणि मला ते ऐकवेना, मी उठून बाहेर नळावर गेले. दुसऱ्या दिवसापासून मंडळीतली माणसं कोयते घेऊन बागेत गेली, मोडलेले खांब काढायला, चार दिवस, त्याचं कोणाला काही सांगावं लागलं नाही.

माझा मुलगा तेव्हा आठवीत, पुढच्या वर्षीच्या दृढीकरणाची तयारी सुरू, म्हणजे बाप्तिस्म्यातला विश्वास मुलं मोठी झाल्यावर स्वतः कबूल करतात तो विधी. आमच्यात मुलांना लुथरने १५२९ साली लिहिलेला लहान कॅटेकिझम, म्हणजे विश्वासाची प्रश्नोत्तरं, शिकवतात, एकेक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, याचा अर्थ काय? तो रात्री पाठ करत होता आणि मी वहीत ताडपत्र्यांचं भाडं लिहीत होते. विश्वासांगीकाराचा पहिला भाग, देव जो निर्माणकर्ता त्याच्यावर मी विश्वास ठेवतो, याचा अर्थ काय? आणि पोराने यादी म्हणायला सुरुवात केली. डोळे, कान, सगळे अवयव, बुद्धी. कपडे आणि जोडे, खाणं-पिणं, घरदार, बायकोमुलं, शेत, गुरंढोरं, हे सगळं देवाने दिलं. मी लहानपणी हे शिकले नव्हते, लग्नानंतर कानावर पडत होतं पण नीट ऐकलं ते त्या रात्री. एवढ्या मोठ्या देवाबद्दल बोलताना तो माणूस जोड्यांपाशी आणि गुरांपाशी थांबतो. आणि पुढे, हे सगळं निव्वळ बापाच्या चांगुलपणाने आणि दयेने, माझ्या कसल्याही लायकीशिवाय. याबद्दल त्याचे आभार मानणं, स्तुती करणं, त्याची सेवा करणं आणि त्याचं ऐकणं हे माझं देणं आहे. हे निश्चित खरं आहे.

लायकीशिवाय. मी मुलाला म्हटलं परत म्हण. त्याला वाटलं चुकलं, त्याने परत म्हटलं. माझ्या मनात जी गाठ होती ती तिथे होती, मी आभार मानताना आत कुठेतरी असं धरून बसले होते की आम्ही अकरा वर्षं मुठी ठेवल्या, आम्ही सोसलं, म्हणून आम्हाला मिळालं. मग पाटीलदादांना काय मिळायला पाहिजे होतं? रात्री दोनला उठणाऱ्याला? पण स्लॅब वाचला तो आमची कमाई नव्हती आणि बाग पडली ती त्यांची शिक्षा नव्हती. आम्हाला दिलं गेलं, बस. आणि ज्याला दिलं गेलं त्याच्या हातात दोनच गोष्टी येतात, तोंडाने आभार आणि हातात कोयता, त्याच यादीच्या शेवटी आभार आणि सेवा शेजारीशेजारी लिहिलेत. बाग का पडली हे मला तरीही माहीत नाही. पण त्या रात्री मी वही मिटून प्रार्थना केली, आठवड्याभरात पहिल्यांदा, आणि स्लॅबसाठी आभार मानले आणि बागेसाठी रडले, एकाच प्रार्थनेत.

पुढचं काम भराभर झालं, त्याचं फार सांगत नाही. प्लास्टर, फरशी, खिडक्या, रंग. पैसे परत दोनदा संपले आणि परत आले. एक मात्र सांगते, बाप्तिस्म्याचं पात्र नवीन दगडी करायचं ठरलं तेव्हा अम्मा काही बोलल्या नाहीत, त्या बोलत नाहीतच, पण मिस्त्री चाचांनी त्यांचा चेहरा पाहिला. ते गार्डकाकांच्या शेडमध्ये गेले, टेपने घंगाळाचं माप घेतलं आणि दगड आतून तेवढाच कोरून घेतला. आता घंगाळ त्या दगडात असं बसतं की जणू दगड त्याच्यासाठीच उगवला.

आणि मग हा रविवार. नाताळाच्या तयारीचा जो आगमनकाळ त्याच्या आधीचा, कापूस वेचणीचे दिवस, पहाटे थंडी. आदल्या दिवशी पाटीलदादा आले आणि दोन केळीचे खांब आणले, दारात दोन्ही बाजूला उभे करायला. नव्या पिलबागेतले, आडव्या झालेल्या बागेच्या बुंध्यांतून जी पिलं वर आली त्यातले. घडासकट. मी म्हटलं, दादा, घड कशाला, कापून ठेवा. म्हणाले, बिनाघडाचा खांब देवाच्या दारी कसा लावायचा?

सकाळी सगळे आधी पत्र्याच्या शेडमध्ये जमलो, तिथली शेवटची प्रार्थना केली आणि मिरवणुकीने निघालो. पुढे वधस्तंभ, मग बायबल, मग प्रभुभोजनाची भांडी, आणि अम्मा घंगाळ घेऊन. त्यांना आता जड वस्तू उचलवत नाही, दोन वेळा नातवाने हात पुढे केला, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. त्या सव्वीस वर्षांपूर्वी आणलं तसंच नेणार होत्या, डोक्यावर नाही जमलं तरी कमरेवर. रस्ताभर टिळकांचं भजन. बंद दारापाशी थांबलो, बाहेरून आलेल्या बिशपसाहेबांनी तीनदा दारावर थाप मारली आणि चोविसावं स्तोत्र, वेशींनो वर व्हा, प्रतापी राजाला आत येऊ द्या. किल्ली मिस्त्री चाचांनी पाळकसाहेबांच्या हातात दिली. मग आत जाऊन प्रत्येक ठिकाणी थांबून वचन आणि प्रार्थना, बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी, उपदेशाच्या पुलपिटापाशी, वेदीपाशी. वेदीवर महिला मंडळाने शिवलेलं लाल कापड. यरुशलेमचं मंदिर बांधणाऱ्या शलमोन राजाची प्रार्थना वाचली गेली, आकाश आणि आकाशापलीकडचं आकाशही तुला पुरत नाही तर मी बांधलेलं हे घर काय. शुभवर्तमान जक्कय नावाच्या जकातदाराचं, समर्पणाच्या दिवशी आमच्यात तेच वाचतात, येशू त्याला म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.

उपदेश पाळकसाहेबांचा. ते चेन्नईच्या गुरुकुल या धर्मशास्त्राच्या कॉलेजात शिकलेले, त्यांनी तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची तरंगंबाडी पाहिलेली आहे. त्यांनी जर्मन मिशनरी त्सिगेनबाल्गबद्दल सांगितलं, ९ जुलै १७०६ ला तिथे उतरलेला तरुण, तमिळ शिकून नवा करार तमिळमध्ये छापणारा, त्याने बांधलेल्या नव्या यरुशलेम चर्चचं समर्पण ११ ऑक्टोबर १७१८ ला झालं आणि २३ फेब्रुवारी १७१९ ला तो वारला, छत्तीस वर्षांचा. साडेचार महिने मिळाले त्याला स्वतः बांधलेल्या घरात. चर्च अजून उभं आहे, तो आत वेदीपाशी पुरलेला आहे आणि लोक अजून गातात. मग ते लुथरकडे आले, ५ ऑक्टोबर १५४४, जर्मनीतल्या तोर्गाउच्या किल्ल्यातल्या नव्या चॅपलचं समर्पण. लुथर म्हणाला होता की या घरात दुसरं काही होऊ नये, आपल्या प्रभूने त्याच्या वचनातून आपल्याशी बोलावं आणि आपण प्रार्थनेने, स्तुतीने त्याला उत्तर द्यावं, एवढंच. आणि हे समर्पण माझं एकट्याचं नाही, तुम्हीही हात लावा, असं त्याने जमलेल्या लोकांना सांगितलं. आणि असंही, की इथे जमणं शक्य नसेल तर बाहेर कारंज्यापाशी उपदेश केला तरी चालेल. पाळकसाहेब थांबले आणि गार्डकाकांकडे बघून म्हणाले, आम्ही सव्वीस वर्षं कारंज्यापाशीच होतो, आणि देव तिथे एकही रविवार गैरहजर नव्हता. गार्डकाका रुमाल शोधायला लागले. त्यांची बायको म्हणाली, घरीच राहिला, आणि पदर पुढे केला.

गार्डकाकांना मी नंतर विचारलं, काका, आता रविवारी सकाळी शेडमध्ये सुनंसुनं वाटेल ना. ते म्हणाले, टेबल परत नेऊ नका पण. टेबल शेडमध्येच ठेवलंय, तीच पांढरी चादर घालून.

जेवण चारशे माणसांचं झालं, निम्मे आसपासचे लोक, पाटीलदादांचं सगळं कुटुंब, मिस्त्री चाचा आणि त्यांचे दोन्ही मुलगे. वरण-बट्टीच, दुसरं काही सुचलंच नाही कोणाला. पंगती दुपारी साडेचारपर्यंत चालल्या. पावरा कुटुंब येईल असं वाटलं नव्हतं, ते आता चोपड्याकडे एका साईटवर आहेत, पण तिसऱ्या पंगतीला आले, पोरगी आता चालते. अम्मांनी तिला ओळखलं, तिने अम्मांना नाही. जेवण झाल्यावर तिची आई तिला आत घेऊन गेली, चपला बाहेर काढून, आणि वेदीच्या पायरीपाशी उभी राहून वर बघत होती, जिथे बल्ली बांधलेली असायची ती जागा शोधत. मग तिने पोरगीला काहीतरी दाखवलं, पावरीत काहीतरी सांगितलं. पोरगी लाल कापडाला हात लावायला गेली, आईने मागे ओढलं, आणि पाळकसाहेब मागून म्हणाले, लावू दे, लावू दे.

वहीत शेवटची नोंद आत्ता केली. खर्च, केळीचे खांब दोन, शून्य.